नव्वदच्या आत

ताईचं वजन अठ्ठ्याण्णव किलोवर येऊन जे ठाण मांडून बसलं, ते तिथून हलायचं नाव घेईना.

ऑपरेशनच्या आधी ती एकशे अठ्ठावीस होती. डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून एवढीशी करून ठेवली आणि पहिले काही महिने वजन असं भराभर उतरलं की तिचं तिलाच खरं वाटेना. पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायचं तिचं दुकान होतं, वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. मशीन घरचंच, त्यामुळे कपडे आत घ्यायला कुणाच्या पाया पडायला नको होतं. संध्याकाळी दुकान बंद झालं की ती स्वतःच्या कपड्यांना शिवण मारायची, आणि महिन्याभरात ती शिवण पुन्हा उसवून आणखी आत घ्यायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची. जुनी ओळखीची बाई तर एकदा दारात थबकली आणि म्हणाली, "अहो, तुमची धाकटी बहीण बसलीय का आज दुकानात?"

पण ताईने हे सगळं कौतुकासाठी केलेलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. तो दिवसाआड डायलिसिसला जायचा. घरातल्यांची रक्तं तपासली तेव्हा एकट्या ताईचं जुळलं, आणि क्षणभर सगळ्यांना हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रक्त जुळतंय, पण एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. त्यात तुमच्याच जिवाला धोका आहे. नव्वदच्या आत या, मग पुढच्या तपासण्या करू."

वजन कमी करायचे सगळे प्रकार ताईने तरुणपणापासून करून पाहिले होते. स्थळं येऊन बघून जायची, 'कळवतो' म्हणायची, आणि कळवत कुणीच नसे. तेव्हा ती महिनोन्‌महिने उकडलेल्या पाल्यावर राहिली होती. दहा किलो जायचे, बारा परत यायचे. त्यामुळे या वेळी तिने वेळ दवडला नाही. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडून जिना उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. पोट कापून घ्यायचं.

"वेडी आहेस का?" भाऊ म्हणाला होता. "माझी किडनी गेली म्हणून तू पोट घालवणार?"

"तुझ्यासाठी नाही, माझ्या गुडघ्यांसाठी करतेय," ती म्हणाली. दोघांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याला उठवणं, न्हाऊ घालणं, डबा देणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं हिनेच केलेलं. आता तो चाळिशीचा, चांगला सहा फुटी गडी झाला होता, तरी ती त्याला छोट्याच म्हणायची. त्याची गाडी शिकवायची शाळा होती. एकच गाडी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक. नवशिके घाबरले की तो म्हणायचा, "तुम्ही खुशाल चालवा, ब्रेक माझ्याकडे आहे." आजारपण आल्यापासून त्याने हाताखाली एक माणूस ठेवला होता. स्वतः तो बरे दिवस असतील तेवढेच गाडीत बसायचा.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना वजन अठ्ठ्याण्णववर अडलं. एक महिना गेला, दुसरा गेला. सकाळी उठल्या उठल्या ताई काट्यावर चढायची. मग अंघोळीनंतर. मग दुपारी दुकानातून वर येऊन. काटा हलवून बघायची, फरशी बदलून बघायची, बांगड्या काढून बघायची. पाव किलो इकडे, पाव किलो तिकडे, की पुन्हा अठ्ठ्याण्णव.

हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ बाई होत्या, वयाने ताईपेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी समजावलं. "हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. शरीर मध्येच थांबतं, नव्या वजनाची सवय करून घेतं. यात तुमची चूक नाही. प्रथिनं वेळेवर घ्या, झोपा, थोडं चाला, आणि काट्यावर आठवड्यातून एकदाच चढा."

"थांबतं म्हणजे किती दिवस?"

"ते सांगता येत नाही. काहींचं दोन-तीन आठवडे, काहींचं काही महिने."

"माझ्याकडे महिने नाहीत."

"मला माहीत आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण ते तुमच्या शरीराला माहीत नाही ना."

ताईला ते पटलं, पण पटून उपयोग नव्हता. घरी येऊन तिने सकाळचं अंडं बंद केलं. मग दुपारचं वाटीभर दही बंद केलं. संध्याकाळी ती चालायला जायची ते डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत चालायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. कात्री हातात धरली की बोटं थरथरायची. मखमलीच्या एका महागड्या कापडावर कात्री तिरकी गेली, तेव्हा ती मशीनवर डोकं ठेवून रडली. वाया गेलेल्या कापडाचं तिला काही नव्हतं. तोंडचा घास काढला तरी हे शरीर ऐकत नाही, मग आता आणखी काय काढायचं, हे तिला कळेना.

आणि त्याच सुमारास ती खोटं बोलायला लागली.

भाऊ डायलिसिसवरून येताना दुकानापाशी थांबायचा. पिळून काढलेल्या फडक्यासारखा दिसायचा तेव्हा. कापडाच्या गठ्ठ्यावर टेकायचा आणि विचारायचा, "काय म्हणतोय काटा?" एरवी ती खरं सांगायची. त्या दिवशी त्याचा चेहरा जास्तच उतरलेला होता. ओठ राखाडी पडले होते, काहीतरी बोलायचं असल्यासारखा तो तिच्याकडे बघत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "सत्त्याण्णव."

तो बघतच राहिला. मग हसला. "वा. निघाली म्हणजे गाडी."

ते हसणं ताईला दिवसभर पुरलं. पुढे शहाण्णव झालं, मग पंचाण्णव. काट्यावरचं वजन होतं तिथेच होतं आणि तोंडाने सांगितलेलं उतरत होतं. एक दिवस खरं वजन मागून येऊन त्याला गाठेल, अशी तिची आशा होती.

एका रविवारी भाऊ गाडी घेऊन दारात आला. "तायडे, चल. तुला गाडी शिकवतो."

"आता या वयात?"

"वयाचा काय संबंध? पोट स्टेअरिंगला लागत नाही आता. चल."

पूर्वी एकदा त्याने प्रयत्न केला होता. तेव्हा पट्टा तिच्या अंगावरून पलीकडे पोचलाच नव्हता. त्यावर दोघं खूप हसले होते, आणि घरी येऊन ती एकटी रडली होती. त्याने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, सख्खी बहीण तेवढी राहिली. आज पट्टा खट्‌कन बसला. भावाने तो आवाज ऐकला आणि मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

गोदामांच्या मागे एक मोकळं पटांगण होतं. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसायचं. तिथे त्यांची शाळा सुरू झाली. गाडी आचके देत चालायची आणि बंद पडायची.

"क्लच असा सोडू नकोस दाणकन," तो म्हणायचा. "झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढतात ना, तसा सोड."

"मी कुठे पोर झोपवलंय आयुष्यात?"

"मी कोण होतो मग?"

तिने क्लच अगदी अलगद सोडला, आणि त्या खेपेला गाडी बंद न पडता सुरू झाली. पटांगणाला चार फेऱ्या झाल्या. त्या आठवड्यात ती त्याला चौऱ्याण्णव म्हणाली.

मग ती पडली. एका गिऱ्हाइकाच्या घरी खिडकीचं माप घ्यायला शिडीवर चढली होती, दोन पायऱ्या चढून टेप वर धरली आणि खोली गोल फिरली. नशिबाने पाय मुरगळण्यावर निभावलं. घरच्या बाईने पाणी दिलं, आणि मापं नंतर घ्या म्हणत रिक्षात बसवून दिलं. ताईने भावाला सांगितलं, शिडी सरकली म्हणून.

आहारतज्ज्ञ बाईंनी मात्र रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि लगेच ओळखलं. "तुम्ही खात नाही आहात."

"खाऊन वजन कसं उतरेल?"

"न खाऊन उतरलं का?"

बाईंनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला.

"किडनी द्यायची तर आधी देणारा धडधाकट लागतो. असलं रक्त घेऊन गेलात तर नव्वद काय, साठ किलो असलात तरी कुणी तुम्हाला टेबलावर घेणार नाही." मग बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "राग कुणावर काढताय, ताई? या बिचाऱ्या पोटावर? त्याने तुमचं ऐकलं, तुम्ही सांगितलं तिथे कापून घेतलं. आता त्याला थोडं खाऊ द्या."

आतापर्यंत तिच्या पोटाला कुणी बिचारं म्हटलं नव्हतं. ताई तिथेच रडली. मग घरी येऊन तिने अंडं उकडलं आणि चमच्याने बारीक तुकडे करून ते खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. काटा अर्धा किलो वर सरकला, तरी तिने खाणं सोडलं नाही. पण भावाला सांगितलेला आकडा आता ब्याण्णव झाला होता. आणखी दोनच किलो, की भाऊ म्हणणार, चल डॉक्टरांकडे. आणि तिथे काट्यावर चढावं लागणार.

तिने रविवारी खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं.

त्या दिवशी भाऊ चपला घालून आला होता. पाय सुजून बुटांत मावत नव्हते. गाडीत बसताना त्याला धाप लागली. पटांगणात एक फेरी झाल्यावर ताईने गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि स्टेअरिंगवरचे हात न काढताच म्हणाली, "छोट्या, मी ब्याण्णव नाहीये रे."

"मग?"

"अठ्ठ्याण्णव. कधीपासून तिथेच अडलंय. सत्त्याण्णवसुद्धा कधी झालं नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून बोलत गेले."

तो रागावेल, निदान गप्प तरी होईल, असं तिला वाटलं होतं. तो काचेतून समोर बघत म्हणाला, "बरं झालं."

"बरं काय झालं?"

"तू खरंच नव्वदला पोचली असतीस, तर मला बोलावं लागलं असतं." त्याने श्वास घेतला. "आता बोलतो. माझं हृदय थकलंय, तायडे. त्याचा पंप नीट चालत नाही. डॉक्टर म्हणाले, किडनी मिळाली तरी बसवता येणार नाही. एवढं मोठं ऑपरेशन मला झेपायचं नाही. टेबलावरच जाईन."

ताईला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागला. "कधी म्हणाले?"

"तू पहिल्यांदा सत्त्याण्णव म्हणालीस ना, त्याच दिवशी. तेच सांगायला आलो होतो दुकानात. तू सत्त्याण्णव म्हणालीस, आणि असा चेहरा केलास की..."

तिचे डॉक्टर वेगळे होते, त्याचे वेगळे. तिच्या तपासण्या अजून सुरूच व्हायच्या होत्या. त्यामुळे तिला दुसऱ्या कुणाकडून हे कळणं शक्यच नव्हतं.

"मी शिडीवरून पडले," ती म्हणाली.

"शिडी सरकली म्हणालीस."

"शिडी नव्हती सरकली. मी उपाशी होते. जेवत नव्हते मी, छोट्या. ज्याचा काही उपयोगच नव्हता त्यासाठी मी जेवत नव्हते."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ माहीत नव्हतं. नाहीतर त्याच दिवशी..."

ती दार उघडून उतरली आणि चालू लागली. गोदामांच्या भिंतीला लागून तरातरा चालत गेली. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. भाऊ मागून येऊ शकत नव्हता. तेवढं चालायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं, आणि ते आठवल्यावर तिचे पाय आपोआप मंदावले. मागे हॉर्न वाजला. एकदाच, हळू.

ती परत आली, बसली, पट्टा लावला.

"घरी जाऊ," तो म्हणाला. "तूच ने. मला आज झेपत नाही."

"रस्त्यावरून? मी कधी रस्त्यावर चालवलीय?"

"आज चालव."

तिने गाडी पटांगणाबाहेर काढली. बस बाजूने गेली, सायकलवाले आडवे आले, सिग्नलला मागच्याने हॉर्नचा सपाटा लावला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसंच गळत राहिलं. भावाच्या घराशी गाडी थांबवून तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय ब्रेकपासून लांब, सीटखाली ओढून घेतलेले होते. त्याने ब्रेकला स्पर्शसुद्धा केला नव्हता.

दार भावजयीने उघडलं. दोघांचे चेहरे बघून ती काय समजायचं ते समजली. "ताई, मला यांनी शपथ घातली होती," ती म्हणाली.

"तू बाई आहेस ना?" ताई म्हणाली. "एक बाई दुसऱ्या बाईला हे सांगत नाही?" आणि पाणीही न घेता ती निघून आली. त्यानंतर कितीतरी दिवस ती भावजयीशी कामापुरतंच बोलली.

परवाना मिळाल्यावर डायलिसिसला त्याला तीच न्यायला लागली. दुकानाच्या दारावर त्या दिवशी 'संध्याकाळी या' अशी पाटी असायची. मशीनच्या घरघरीत तो पडून राहायचा आणि ती शेजारी खुर्चीवर पडद्यांच्या कडा हाताने शिवत बसायची. आता खोटं बोलायचं नाही, एवढं दोघांनी ठरवलं होतं. त्यामुळे बोलणं कमी झालं होतं, पण बरं चाललं होतं.

"पस्तावलीस का गं?" त्याने एकदा विचारलं. "ते कापलेलं पोट आता परत लावता येत नाही."

तिने सुई थांबवून विचार केला. "कधी कधी. चार घासांत पोट भरतं आणि मन भरत नाही, तेव्हा. एरवी नाही."

"गुडघे कसे आहेत?"

"गुडघे छान आहेत."

"मग गुडघ्यांसाठीच केलंस म्हण."

तिथे पेशंटचं वजन करायचा एक मोठा काटा होता. मशीनला लावायच्या आधी आणि नंतर त्याला त्यावर उभं करायचे. एक दिवस तो उतरता उतरता म्हणाला, "तूही चढ." तिने घरचा काटा केव्हाच माळ्यावर टाकला होता. नको म्हणाली. त्याने फारच आग्रह केला तेव्हा ती चपला काढून चढली. आकडा थरथरून स्थिर झाला. चौऱ्याण्णव.

दोघंही त्या आकड्याकडे बघत उभे राहिले. ती नीट खात होती, झोपत होती, आणि केव्हातरी, ती बघत नसताना, वजन आपलं आपण चालू लागलं होतं.

"सरकारी कामासारखं आहे तुझं शरीर," तो म्हणाला. "गरज संपली की मंजुरी." आणि तो हसला, धाप लागेपर्यंत हसला. ताईला हसू आलं नाही. तिने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत पाठ चोळत राहिली. पाठीची हाडं हाताला लागत होती. बायका तिच्याकडून वजन उतरवायची युक्ती विचारायच्या, आणि इथे हा मुठीमुठीने उतरत चालला होता.

तो गेला एका दुपारी, घरीच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. भावजय त्याच्यासाठी घोटभर पाणी आणायला आत गेली. पाण्याचंही मोजमाप होतं त्याला. ती परत आली तेव्हा मान कलली होती. ताईला फोन गेला. ती गाडी चालवत आली, नीट आली, दाराशी नीट लावलीही. मग आत जाऊन त्याच्या पायांशी जी बसली ती लोकांनी उठवेपर्यंत उठली नाही.

पुढचे दोन दिवस तिने अन्नाला शिवलं नाही. ठरवून नव्हे. भूक तर ऑपरेशनपासूनच क्षीण झाली होती, वेळ बघून खायचं एवढंच राहिलं होतं, आणि वेळ कोण बघणार? माणसं येत होती, बसत होती, जात होती. तिसऱ्या दिवशी माणसांची ये-जा कमी झाली, आणि घरात दोघीच उरल्या.

भावजय स्वयंपाकघरातून एक छोटी वाटी घेऊन आली. ताईला लागते तसली पातळ, मऊ, मिक्सरमधून काढलेली डाळ. वरून अंड्याचे बारीक तुकडे. कुणी न सांगता तिने ते सगळं लक्षात ठेवलं होतं. वाटी समोर ठेवून ती जमिनीवर बसली.

"मला नको गं," ताई म्हणाली.

"ताई, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही," भावजय म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "आणि मला भूक लागलीय. खूप भूक लागलीय, आणि मला त्याची लाज वाटतेय."

ताईने तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, गालाची हाडं वर आली होती. तीही त्याच्या शेजारी बसून महिनोन्‌महिने ते ओझं गिळून राहिली होती, आणि तिला एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं.

"लाज कसली त्यात," ताई म्हणाली. "जा, तुझं ताट घेऊन ये. इथेच बस माझ्याजवळ."

भावजय ताट घेऊन आली. ताईने पहिला चमचा तोंडात घातला, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे घास सावकाश चावला आणि गिळला. मग दुसरा. भावजय खाली मान घालून मोठे मोठे घास घेत होती. घास घेता घेता तिचे खांदे हलायला लागले, पण ती खायची थांबली नाही. ताईने डावा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि उजव्या हाताने तिसरा चमचा भरला.